पाळण्याखालच्या मुंग्या

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं की नोकरीतल्या गमतीजमती लिहून पाठवा. चाळीस वर्षं कंपौंडरकी केली, तेव्हा गमतीजमती नाहीत असं कसं म्हणू? मिक्श्चरची रिकामी बाटली धुऊन तिच्यात रॉकेल नेणारे भेटले, आणि त्याच बाटलीत पुन्हा मिक्श्चर मागणारेही भेटले. पोटात घ्यायचं औषध पायाला चोळून ‘गुण आला’ म्हणणाराही एक भेटला. पण लिहायला बसलो की हात एकाच बरणीकडे जातो. ती बरणी आधी उघडल्याशिवाय दुसरं काही लिहिणं मला जमणार नाही. संपादकांना हा लेख गमतीचा वाटला नाही तर त्यांनी खुशाल परत पाठवावा.

लढाईचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर असेन. कर्जत आणि खालापूर यांच्या मध्ये, डोंगराच्या पायथ्याशी एक सरकारी दवाखाना होता. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. दवाखाना म्हणजे तीन खोल्या आणि एक पडवी. डॉक्टरसाहेब तपासायचे, चिठ्ठी लिहायचे, आणि चिठ्ठीवरचं औषध मी खलायचो, मोजायचो, गाळायचो, पुड्या बांधायचो. आजच्यासारख्या तयार गोळ्यांच्या पट्ट्या नव्हत्या. मलम खलात घोटावं लागायचं, मिक्श्चर औंसाच्या ग्लासात मोजावं लागायचं. लोक डॉक्टरांना नमस्कार करायचे, पण हात धरायचे तो माझा. ‘कंपौंडरदादा, कडू नगं देऊ रं!’ असं म्हणत.

या सगळ्या औषधांत माझं लाडकं कुठलं, तर बोरिक. बोरिक पावडर कधी चिमटीत चोळून बघितली आहे का? पांढरी, चकचकीत, हाताला तेलकट लागते. पाण्यासारखा स्वच्छ स्वभाव. ना वास, ना झोंब. आयोडीन लावलं की माणूस बोंबलतो, कार्बोलिकनं कातडं पोळतं; बोरिक मात्र डोळ्यात घातलं तरी चालतं. आमच्या पुस्तकात त्याच्यापुढे ‘सौम्य’ असं लिहिलेलं असायचं. जंतूंना ते मारत नाही, फक्त वाढू देत नाही. शेताच्या बांधावर म्हातारा राखणदार बसवावा तसं. तो कुणाला काठी घालत नाही, पण तो आहे म्हटल्यावर गुरं आत शिरत नाहीत.

डोळे यायचे दिवस आले की माझा रुबाब बघावा. उकळलेल्या पाण्यात बोरिक टाकायचं, विरघळलं की झाकून गार करायचं, जास्त झालं असलं तर ते चकत्या होऊन तळाशी बसतं, मग वरचं निवळ गाळून घ्यायचं. एवढीच त्याची कृती. पडवीत माणसांची रांग, मी काचेच्या चोचीच्या भांड्यातून एकेकाचे डोळे धुतोय. एकदा वरच्या ठाकूरवाडीतला एक म्हातारा आला. झोडणीच्या वेळी डोळ्यात भाताचं कुसळ गेलेलं, आणि आठ दिवस कुठला कुठला पाला पिळत बसलेला. डोळा टोमॅटोसारखा. मी धुवून धुवून ते कुसळ वर आणलं आणि कापसाच्या बोळ्यानं काढलं. म्हातारा पंधरवड्यानं परत आला तो टोपलीभर रताळी घेऊन. मी म्हटलं, ‘बाबा, सरकारी दवाखाना आहे, काही घ्यायचं नसतं.’ तर म्हणाला, ‘सरकारला नाय दिली, तुला दिली.’

अशानं माणूस फुगतो. मी फुगलो होतो. जखमेला बोरिक, कानाला बोरिक, पायाच्या चिखल्यांना बोरिक. बोरिकची लिंट, म्हणजे जखमेवर घालायचं कापड, गुलाबी रंगाची यायची. ती दिसली की बायका म्हणायच्या, ‘गुलाबी कापडाची पट्टी बांधा, दादा.’ राख लावणाऱ्यांना, शेण लावणाऱ्यांना, पाला बांधणाऱ्यांना मी चारचौघांत फैलावर घ्यायचो. राखेनं धनुर्वात होऊन माणसं दगावलेली मी पाहिली होती, त्यामुळे माझं चुकत नव्हतं. पण रागवायची सवय लागली की काय बरोबर आणि काय नाही हे बघायचं राहून जातं.

आता पुडीची गोष्ट सांगतो. तान्ह्या मुलांच्या जांघा ओलीनं सोलवटल्या की त्यावर भुरभुरायची एक पावडर आम्ही दवाखान्यात करायचो. तिच्यात बोरिकचा एक भाग आणि बाकी नऊ भाग झिंक, म्हणजे जस्ताची पांढरी भुकटी, आणि स्टार्च, म्हणजे कांजीचं पीठ. लढाई पेटली तशी स्टार्च मिळेना. मग झिंकही येईना. मागणीचे कागद जायचे आणि ‘शिल्लक नाही’ असा शेरा मारून परत यायचे. कर्जत स्टेशनावरून बैलगाडीनं खोकी यायची, त्यात बोरिकचा डबा मात्र न चुकता असायचा. मी विचार केला, झिंक नाही, स्टार्च नाही, तर नाही. ते तर नुसतं भरीचं सामान. औषध काय ते बोरिकच. मग निव्वळ बोरिकच्या पुड्या बांधायला लागलो. डॉक्टरांना विचारलं नाही. विचारावं असं वाटलंच नाही. दुधात पाणी न घालता दूध दिलं तर कुणी गवळ्याला जाब विचारतं का? मला तर उलट अभिमान वाटत होता की बिनभेसळ माल देतोय.

त्या श्रावणात पायथ्याच्या गावातली चंद्रा आली. चंद्रा म्हणजे वीस-एकवीस वर्षांची कुणब्याची सून, हसतमुख, बोलायला मोकळी. पदरात अडीच महिन्यांची मुलगी, यमुना. बरोबर सासू होती, भागाआजी. ही आजी गावातली बाळंतपणं करायची, त्यामुळे माझी आणि तिची जुनी चकमक. श्रावणात लंगोट वाळत नाहीत. शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर वाळवायचे, ते अर्धवट ओलेच पोरीला बांधले जात. यमुनेच्या जांघा आणि मागची बाजू लालभडक, सोलून कच्ची झालेली.

‘आमी खोबरेल लावतो,’ आजी म्हणाली. ‘घरचं घानीचं. वेखंडाची धुरी देतो.’

‘आजी, तेलात भजी तळतात,’ मी म्हटलं. पडवीतली माणसं हसली. आजी हसली नाही.

मी चांगली जाड पुडी बांधून चंद्राच्या हातात दिली. ती म्हणाली, ‘दादा, दिसातनं कितीदा लावू?’

‘लंगोट बदलशील तितक्यांदा. आणि हात आखडू नकोस. हे सौम्य असतं, अपाय नसतो याचा. जितकं लावशील तितकं चांगलं.’

हे माझे शब्द. अक्षरशः हेच. मी ते नंतर इतक्यांदा आठवलेत की त्यात एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही.

पाच दिवसांनी दोघी परत आल्या. जांघा अजून कच्च्याच होत्या, पण चंद्रा खूश होती. पावडर लावली की पोर कोरडी राहते, रडत नाही, असं सांगत होती. पुडी संपली होती. मी दुसरी बांधायला घेतली तेवढ्यात आजी पुढं झाली.

‘कंपौंडरदादा, येक इचारू का? ह्या पुडीत काय हाय?’

‘का हो?’

‘पाळन्याखाली दुधाचे थेंब सांडतात, तितं मुंग्यांची रांग लागती. आता त्या मुंग्या मरून पडतात. रोज सकाळी मी झाडून काढते. पूड खाली सांडती ना, ती त्यांच्या पायाला लागत आसंल. मी सुनंला म्हटलं, ज्यानं मुंगी मरती त्ये लेकराच्या आंगाला कसं लावायचं?’

मी काय केलं असेल? हसलो. नुसता हसलो नाही, पडवीतल्या माणसांना ऐकवलं. ‘ऐका! आजी मुंग्यांची नाडी बघायला लागल्या! अहो, मुंगी केवढी, माणूस केवढा! मुंगी तर थुंकीतही बुडून मरते.’ सगळे खो खो हसले. चंद्रासुद्धा पदर तोंडाला लावून हसली. आजीनं माझ्याकडे एकदा बघितलं. मी पहिलीपेक्षा मोठी पुडी बांधून दिली.

चौथ्या दिवशी दुपारी त्या धावत आल्या. चंद्राचा नवराही बरोबर होता. यमुनेला सकाळपासून उलट्या आणि जुलाब, जुलाबाचा रंग हिरवट. पोर मलूल पडलेली आणि मधूनच दचकून हातपाय ताठ करत होती. डॉक्टरसाहेब पलीकडच्या गावी गेलेले होते, ते तासाभरात यायचे होते. मला वाटलं, पावसाळ्यातला पोटाचा बिघाड. मीठपाणी चमच्यानं द्यायला लागलो. जुलाबानं मागची बाजू पुन्हा घाण होत होती म्हणून मीच ती पुसली, आणि पुसून वर काय लावलं? बोरिक. माझ्या या हातानं.

डॉक्टरसाहेब आले. ते वयस्क होते, मितभाषी, रागावले तरी आवाज चढत नसे. त्यांनी पोरीला उघडं केलं आणि खिडकीपाशी उजेडात धरलं. तेव्हा माझ्याही लक्षात आलं की लाली नुसती जांघांत नव्हती. पोट, पाठ, मान, तळहातसुद्धा लाल. शेतातला खेकडा निखाऱ्यावर टाकला की जो रंग येतो तसला. काखेत कातडीचा पापुद्रा सुटायला लागला होता.

‘हिच्या अंगाला काय लावलंत?’ त्यांनी चंद्राला विचारलं.

आजीनं माझ्याकडे बोट केलं. ‘ह्यांची पांढरी पूड.’

‘डस्टिंग पावडर?’ डॉक्टर माझ्याकडे वळले. ‘अहो दत्तोबा, झिंक आणि स्टार्च संपून तीन महिने झाले. पावडर केलीत कशाची?’

‘शुद्ध बोरिकची, साहेब.’

ते पोरीला अंगडं घालत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, ‘आधी हिला कोमट पाण्यानं दोनदा स्वच्छ धुवा. बोरिकचा कणही राहता कामा नये. मग नवा कापूस मांडीखाली ठेवा, लघवी झाली की मला सांगा. आणि थोडी हळद आणा.’

ही हळदीची परीक्षा आम्हां कंपौंडर लोकांना शिकवलेली असते, पण ती औषधाच्या बाटलीवर करायची, माणसावर नाही. स्पिरिटमध्ये हळद कालवायची, त्यात टीपकागदाच्या पट्ट्या भिजवून वाळवायच्या. ज्या पाण्याची शंका आहे त्यात जरासं आम्ल टाकून पट्टी बुडवायची आणि ऊब देऊन वाळवायची. बोरिक असेल तर पट्टी लालसर तपकिरी होते.

मी पट्ट्या करत होतो आणि मनात म्हणत होतो, पिवळीच राहू दे. धड्यातलं सगळं मला पाठ होतं: बोरिक कातडीतून आत शिरत नाही. पोटाचाच बिघाड आहे, पट्टी पिवळी राहील, आणि मी साहेबांना नम्रपणे म्हणेन, की बघा.

पोरीला लघवीच होईना. आम्ही सगळे त्या कापसाकडे बघत बसलो. चंद्रा विचारत होती, ‘दादा, काय बघताय? काय झालंय तिला?’ मी म्हणत होतो, ‘तपासणी आहे, ताई.’ दिवेलागणीच्या सुमाराला कापूस जरासा ओला झाला. तो मी काचेच्या बशीत पिळला, आम्लाचे थेंब टाकले, पट्टी बुडवली आणि कंदिलाच्या काचेला लावून वाळवायला धरली.

आजी माझ्या खांद्याशी उभी होती. पट्टीच्या कडेनं रंग चढायला लागला. आधी केशरी, मग विटकरी.

‘हळद लाल व्हायला चुना लागतो,’ आजी म्हणाली. ‘कुंकू तसंच करतात.’

‘चुन्याची लाली आम्लात टिकत नाही, आजी,’ मी सांगितलं. ‘ही टिकली आहे.’

डॉक्टरांनी पट्टीवर अमोनियाचा एक थेंब सोडला. लाल होती ती काळपट हिरवी झाली. परीक्षा तिथं पुरी झाली. शंकेला जागाच राहिली नाही.

मग मला बाजूला नेऊन त्यांनी सांगितलं ते मी आयुष्यभर लक्षात ठेवलं. धडधाकट कातडीतून बोरिक जात नाही हे खरं. पण कातडी सोललेली असली की चाळणीतून पाणी जावं तसं आत जातं. आत गेलं की मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं, आणि तेही सावकाश. आज गेलेलं उद्यापर्यंत अर्धंमुर्धं आतच असतं, त्यावर उद्याचं चढतं, त्यावर परवाचं. मोठ्या माणसाच्या अंगाचा रांजण मोठा, त्यामुळे कळत नाही. तान्ह्या मुलाचा रांजण तो केवढा! मोठ्या जखमा बोरिकनं भरून माणसं दगावल्याचं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. ‘पण लेकरांच्या पावडरीचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. झिंक संपल्यावर तुम्ही काय देताय हे मी विचारायला हवं होतं,’ ते म्हणाले. ‘उतारा नाही याला. पाणी देत राहायचं, एवढंच.’

मांडीच्या कातडीखाली सुईनं मीठपाणी दिलं. पाण्याचा फुगवटा तिथंच राहिला, अंगात जिरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखान्याचं दार उघडायच्या वेळी, यमुना गेली. पडवीतल्या रांगेतली माणसं उठून मागं सरकली. चंद्रानं हंबरडा फोडला नाही. ती पोरीचं टोपडं नीट बांधत राहिली, सुटत होतं म्हणून पुन्हा पुन्हा बांधत राहिली.

डॉक्टर तिला म्हणाले, ‘बाई, औषध तिला सोसलं नाही. चूक आमची आहे.’

तिनं त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं असावं. ‘सोसलं नाय तिला,’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘आंगात ताकदच नवती माझ्या बायची.’ मी तिथंच उभा होतो. ‘नाही ताई, तसं नाही’ एवढं म्हणायला जीभ उचलायची होती. उचलली नाही. माणसं म्हणतात भीतीनं बोबडी वळते; माझी भीतीनं नाही, लाजेनं वळली होती.

त्याच दिवशी डॉक्टरांनी मला सायकल दिली आणि सांगितलं की दिलेली प्रत्येक पुडी परत आणा. आठ दिवस मी चिखलातून हिंडलो. लोक पुडी द्यायला तयार नव्हते! औषध घरात असलेलं बरं असं वाटायचं, आणि ‘बाधतं’ म्हटलं तर हसायचे, कारण त्यांना हसायला मीच शिकवलं होतं. एका शाळामास्तरांकडे गेलो तर ते आणि तलाठी कॅरम खेळत बसलेले, आणि माझी पुडी बोर्डावर! ‘काय सोंगटी पळते हो दत्तोबा, लोण्यासारखी,’ मास्तर म्हणाले. एरवी मी पोट धरून हसलो असतो. त्यांना म्हटलं, खेळा, फक्त पोराबाळांच्या जखमेला लावू नका. बाकीच्या पुड्या आणल्या. देवाची कृपा की दुसरं कुठलं मूल त्या थराला गेलं नव्हतं.

चंद्राचं घर मी शेवटी ठेवलं होतं. पाय वळत नव्हता तिकडे. गेलो तेव्हा घरात आजी एकटी होती, सून-मुलगा भातखाचरात बेणणीला, तण काढायला गेलेले. रिकामा पाळणा आढ्याला वर गुंडाळून बांधला होता. आजीनं घोंगडी टाकली, पाणी दिलं.

‘पुडी न्यायला आलास?’

‘हो.’

ती उठली आणि भिंतीतल्या दिवळीतून पुडी काढून आणली. फडक्यात गुंडाळून, वर दोरा बांधून ठेवलेली. ‘चंद्रीनं ठेवलीया. म्हनली, महागाची आसंल, फुडल्या लेकराला व्हईल.’

मी आलो नसतो तर? मी तिथंच घोंगडीवर बसून सगळं सांगून टाकलं. झिंक-स्टार्चचं, न विचारता केलेलं, दहाव्या भागाऐवजी सगळंच बोरिक, आणि पट्टी लाल का झाली तेही. ‘आजी, तुम्ही मुंग्यांचं सांगितलंत ते बरोबर होतं. तेव्हा ऐकलं असतं तर पोर वाचली असती. आता खाचरात जातो आणि चंद्राताईच्या पाया पडून तिलाही सांगतो.’

मी उठलो तशी आजीनं माझा हात धरून मला पुन्हा खाली बसवलं. म्हातारीच्या हातात जोर होता.

‘काय सांगशील तिला? आरं, ती पूड तू बांधलीस, पर लावली कुनी? लंगोटागनिक तिनं लावली. आपल्या हातानं, मायेनं. तू म्हनालास हात आखडू नको, तिनं आखडला नाय. आता तू सांगशील, तुला हलकं वाटंल, आन् ती जलमभर आपल्या हाताकडं बघत बसंल. फुडचं पोर त्या हातानं घ्यायला ती भियेल. तुला माफी पायजे म्हनून तिच्या हातावर ह्ये ठेवनार व्हय रं?’

मी रडलो. पंचवीस वर्षांचा बाप्या, त्या म्हातारीपुढे हुंदके देऊन रडलो. तिनं रडू दिलं. उगी उगी म्हणाली नाही.

‘मग मी काय करू, आजी?’

‘येनारी बाई काय सांगती त्ये आइकत जा. तिला घरात काय दिसलं त्ये इचारत जा. आन् हसत नको जाऊ.’

पुडी मी परत आणली. चंद्राला आजीनं काय सांगितलं ठाऊक नाही. मी चंद्राला कधीच सांगितलं नाही. आजीचं बरोबर होतं की ते माझ्या सोयीचं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. नंतर दहिवलीला बदली झाली, आणखी कुठं कुठं झाली, पण पुडी देण्याआधी ‘घरात आणखी काही दिसलं का?’ हे विचारल्याशिवाय मी पुडी बांधली नाही. नवे डॉक्टर वैतागायचे, ‘अहो, काय गप्पा मारत बसता?’ मी गप्पाच मारत बसायचो. बोरिकचं डोळ्यांचं पाणी पुढेही करत राहिलो, त्याची ती जागा होतीच. पण सोललेल्या कातडीला बोरिक माझ्या हातून पुन्हा लागलं नाही. आजी जाऊन फार वर्षं झाली. चंद्राबाई गेल्या चैत्रात गेली, पिकल्या वयात, नातवंडांच्या गराड्यात. तिच्या हातावर ठेवायचं आता काही उरलं नाही, म्हणून हे लिहितोय.

आणखी एक सांगायचं राहिलं. यमुनेनंतर दीड-दोन वर्षांनी चंद्राला मुलगा झाला. मी त्याच दवाखान्यात होतो. पावसाळ्यात त्याच्याही जांघा लाल झाल्या, आणि चंद्रा पडवीत येऊन उभी राहिली. ‘दादा, ती पांढरी पूड द्या ना. यमीला तिच्यानं लई बरं वाटायचं.’

बरणी माझ्या मागच्या फळीवर होती. मी म्हटलं, ‘ती आता येत नाही, ताई. त्याहून चांगलं आलंय.’ आत गेलो, आमच्याकडे मलमांसाठी खोबरेल यायचं ते स्वच्छ बाटलीत भरलं, बूच मारलं, वर दवाखान्याची चिठ्ठी चिकटवली. लंगोट बदलताना हलक्या हातानं लावायचं, असं सांगितलं. हलक्या हातानं, हे दोनदा सांगितलं.

चार दिवसांनी मी होऊन तिच्या घरी गेलो. पोरगं पाळण्यात पाय झाडत होतं, जांघा सुकत आल्या होत्या. चंद्रा कौतुकानं बाटली दाखवत होती. आजीनं बूच काढून वास घेतला.

‘आपलंच खोबरेल हाय की ह्ये,’ ती म्हणाली.

‘नाय हो आत्याबाई, दवाखान्याचं हाय,’ चंद्रा म्हणाली. ‘दादांनी सोता दिलंय.’

आजीनं माझ्याकडे बघितलं आणि बूच परत लावलं. ‘आसंल. दादांना ठावं.’

चंद्रा चहा ठेवायला आत गेली. मी गुडघ्यावर बसलो आणि पाळण्याखाली वाकून बघितलं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर दुधाचे दोन-तीन थेंब वाळले होते, आणि भिंतीपासून तिथपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती.

‘चालतात न्हवं?’ वरून आजीनं विचारलं.

‘चालतात,’ मी म्हटलं. लगेच उठलो नाही. तसाच वाकून त्या मुंग्या जाताना आणि येताना बघत राहिलो.